बाटली आधी की ताट?
ऑटिझम असलेल्या मुलाचं दूध-गहू बंद झालं, की घरात मल्टिव्हिटॅमिनची बाटली येते. झालं, कसर भरून निघाली! मला मात्र २०१५ चा रोचेस्टर विद्यापीठाचा अभ्यास आठवतो. अमेरिकेतल्या २८८ ऑटिस्टिक मुलांच्या तीन दिवसांच्या खाण्याच्या नोंदी त्यात तपासल्या. सप्लिमेंट घेऊनही अनेकांना कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमीच पडत होतं; ‘अ’ मात्र काहींना नको तितकं! आणि जादा ‘अ’ यकृतात साठतं. म्हणून म्हणते, आधी तीन दिवस मूल काय काय खातं ते लिहा आणि डायटिशियनला दाखवा. नाचणीची भाकरी रुचली तर क्या बात है: १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम! बाटली त्यानंतर, तीही लेबल वाचून.