बेपत्ता वैमानिकाची फाइल बंद करू नका

पुलगावात दारूगोळ्याचा डेपो, त्यामुळे आमच्याकडे घरोघरी फौजेच्या गोष्टी निघतात. मी शाळेत इतिहास शिकवतो. 1971 चं युद्ध आलं की फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. 5 डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोटच्या हवाई तळावर हल्ला करताना त्यांचं सोव्हिएत बनावटीचं सुखोई-7 पडलं आणि ते बेपत्ता झाले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. पुढचं सारं आयुष्य त्यांनी पतीच्या शोधात घातलं. 2007 मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानी तुरुंग पाहून आले, रिकाम्या हातांनी.

पण शोध सोडला नाही तर काय होतं, ते सोव्हिएत वैमानिक लिडिया लित्व्याकच्या बाबतीत दिसलं. ती 1 ऑगस्ट 1943 ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी लढाईतून परतली नाही. बेपत्ता म्हणजे कदाचित शत्रूच्या कैदेत, या संशयापायी तिचा सन्मान अडला. पण क्रास्नी लुच शहरातल्या शाळकरी मुलांनी शिक्षिकेसोबत वर्षानुवर्षं तिचा माग काढला, आणि 1990 मध्ये देशाला तिला सर्वोच्च किताब द्यावाच लागला.

आपल्या बेपत्ता जवानांच्या यादीत 54 नावं आहेत. आमच्या वर्ध्याच्या खासदारांनी त्यांचा प्रश्न लोकसभेत पुन्हा विचारावा, आणि लेखी उत्तर मागावं.