न जाणवणारा झटका

थंडीच्या दिवसांत रात्री दिवा मालवून अंगातला स्वेटर भर्रकन काढून बघा. चट्‌ चट्‌ आवाज येतो. खोली पुरती अंधारी असेल, तर बारीक ठिणग्याही दिसतात. ही करामत स्थिर विद्युतेची. दोन वस्तू एकमेकींना घासल्या, की एकीवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जाऊन बसतात. जिच्यावर ते जास्त झाले ती ऋणभारित, जिच्यावर कमी पडले ती धनभारित. हा भार वाट मिळेपर्यंत जागीच थांबतो, म्हणून 'स्थिर'. वाट मिळाली रे मिळाली, की उडी मारतो. तीच ठिणगी!

ही गंमत संगणकाच्या मात्र मुळावर येऊ शकते. समजा, घरच्या संगणकात नवी रॅम बसवायची आहे. हवा अगदी कोरडी असली, तर नुसतं गालिच्यावरून चालत येताना आपल्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत विद्युतदाब तयार होऊ शकतो! दमट हवेत तोच आकडा १,५०० च्या आसपास उतरतो. म्हणून पावसाळ्यातल्या मुंबईपेक्षा थंडीतल्या नागपुरात जास्त जपायला हवं.

'बाप रे! घरातली वीज तर २३० व्होल्टची, मग आपण वाचतो कसे?' छान प्रश्न! उंच गच्चीवरून पाण्याचा एकच थेंब डोक्यावर पडला, तर काय होतं? काही नाही. उंची भरपूर, पण पाणी थेंबभर. इथंही व्होल्ट पुष्कळ, पण भार इवलासा आणि क्षणात संपणारा.

बिचाऱ्या चिपला मात्र तो थेंबही भारी पडतो. तिच्यातल्या ट्रान्झिस्टरमध्ये विजेला अडवणारा एक थर असतो. त्याची जाडी असते जेमतेम काही नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! ठिणगीनं या थराला भोक पडू शकतं. चिपमध्ये बचावाची सोय केलेली असते, पण तिलाही मर्यादा आहे.

आणि ग्यानबाची मेख पुढंच आहे. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढं. काही नाजूक भाग तर १०० व्होल्टलाही बिघडतात. म्हणजे आपल्याला पत्ताही लागत नाही आणि चिपचं काम तमाम! कधी ती लगेच मरत नाही, नुसती अर्धमेली होते. आज चालते, काही महिन्यांनी अडखळते. मग कारण शोधून सापडत नाही.

मग करायचं काय? वीज उडी मारते ती दाबातल्या फरकामुळे. तुम्ही आणि संगणक एका पातळीवर आलात, की उडी मारायला कारणच उरत नाही. म्हणून हे लक्षात ठेवा :

१. संगणक रीतसर बंद करून प्लग काढा. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा.

२. कॅबिनेट उघडलं, की आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावा. मधे उठून गेलात, तर परत आल्यावर पुन्हा लावा.

३. सुती कपडे घाला. काम गालिच्यावर नको, लाकडी टेबलावर करा.

४. रॅम जिच्यात येते ती करडी, चकचकीत पिशवी स्थिर विद्युत रोखणारी असते. बसवायच्या क्षणापर्यंत रॅम तिच्यातच राहू द्या. काढल्यावर कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

५. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा मिळाला तर उत्तमच. त्याचा चिमटा कॅबिनेटच्या धातूला लावा. पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध असतो. का? चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागलाच, तरी पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जावा म्हणून. हिशोब स्वतः करून बघा!

एक मात्र पक्कं. ज्या पेटीत प्लगची वायर जाते, ती एसएमपीएसची पेटी कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, आणि ती थेंबभर नसते, बरं का! शिवाय पहिल्यांदा काम करताना माहितगार मोठं माणूस शेजारी हवंच.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा आणि त्याच्या एका टोकाला बोट लावा. दुसरं टोक तरीही कागदाचे कपटे उचलतं! धातूवरचा भार एका स्पर्शात निघून जातो, प्लॅस्टिकवरचा जात नाही. तेव्हा उघड्या मदरबोर्डजवळ साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या का ठेवायच्या नाहीत, हे आता तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा!