शेत विकून पुण्यात वन बीएचके? आधी हा हिशेब मांडा

भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात जमीन एकर-गुंठ्यांत मोजतात, पुण्यात घर चौरस फुटांत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजेच ४०० चौरस फुटांचा वन बीएचके अर्ध्या गुंठ्याहूनही लहान. तरी त्यासाठी गावाकडच्या घरात एखादा एकर विकण्याची चर्चा सुरू होते. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, भाडे वाढत असते आणि ‘भाड्यात घालायचे ते हप्त्यात घाला’ हा सल्ला प्रत्येक पाहुणा देतो.

घर घेण्यात चूक काही नाही. मात्र शेत एकदाच विकता येते. त्यामुळे व्यवहाराआधी पैसे, ठिकाण आणि कागद या तिन्हींचा हिशेब मांडायला हवा.

४० लाखांच्या फ्लॅटला पदरचे किती?

समजा, फ्लॅटची किंमत ४० लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांदरम्यान असेल तर मर्यादा ८० टक्के. म्हणजे ४० लाखांच्या घरावर ३२ लाख कर्ज आणि ८ लाख स्वतःचे.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. एवढ्यातच पदरचा आकडा ११ लाख १० हजारांवर जातो. वकील, दलाली, सोसायटीचे पैसे आणि फर्निचर वेगळे.

इथे एक सवलत आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. या उदाहरणात ४० हजार रुपये वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास ही सूट मिळत नाही.

बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटीही लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर तो १ टक्का, अन्यथा ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या किंवा जुन्या घरावर जीएसटी नाही.

आता हप्ता. ३२ लाखांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे २७,७७० रुपये भरावे लागतात. २० वर्षांत बँकेला जाणारी एकूण रक्कम होते सुमारे ६६ लाख ६५ हजार.

लांबचे मोठे की वस्तीतले लहान?

त्याच पैशांत शहराबाहेर मोठा फ्लॅट मिळतो. गावच्या मोकळ्या घरात वाढलेल्या माणसाला तो साहजिकच बरा वाटतो. पण ‘पुण्यात’ म्हणून विकला जाणारा फ्लॅट प्रत्यक्षात कुठे आहे, हे पाहावे लागते. वाघोलीसह २३ गावे ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आली. हद्द एका दिवसात बदलते, जलवाहिनी आणि रस्ते तेवढ्या लवकर येत नाहीत. टँकरचा खर्च शेवटी सोसायटीच्या देखभाल बिलात दिसतो.

याउलट येरवडा, हडपसर, भवानी पेठ, खडकी या जुन्या, गजबजलेल्या आणि मिश्र वस्त्यांमध्ये ४०० फुटांच्या घराला आजूबाजूचा परिसर जोडून मिळतो. खाली किराणा, चालत शाळा, रात्री उशिरापर्यंत रिक्षा. शेजारी कुणी लातूरचा, कुणी कलबुर्गीचा, कुणी बिहारचा. घरातल्या बाईला जवळ काम मिळू शकते आणि गावाहून आलेल्या आईला दिवसभर बंद दाराआड बसावे लागत नाही. येरवड्याला वनाज–रामवाडी मार्गावरचे मेट्रो स्थानकही आहे. अशा ठिकाणी पुढे घर भाड्याने देणे किंवा विकणेही तुलनेने सोपे जाते.

नोकरी कुठे आहे, यावर निवड ठरावी. चाकणला काम करणाऱ्याला हडपसर सोयीचे नाही, त्याने भोसरीकडे पाहावे. गर्दीचीही किंमत असते: पार्किंगची ओढाताण, आवाज, ठरावीक वेळचे पाणी. म्हणून घर सकाळी, रात्री आणि भर पावसात असे तीनदा पाहावे. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले होते. नदीकाठची इमारत निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का, हे आधी तपासावे.

ब्रोशरमधले फूट आणि खरे फूट

‘६०० फुटांचा फ्लॅट’ असे सांगितले की पहिला प्रश्न विचारावा: रेरा कार्पेट किती? रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्रात घरातल्या आतील भिंती मोजतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी त्यात येत नाहीत. जिना आणि लॉबी मिळवून फुगवलेला आकडा ऐकून भाव ठरवू नये. दर नेहमी चटई क्षेत्राला भागून काढावा.

नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकून ताबा कधी मिळणार, मंजूर आराखडा काय आणि तक्रारी किती, हे पाहता येते. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज बुकिंग केले तरच हा भाव’ म्हणत जास्त मागणाऱ्याकडून उठून यावे.

जुन्या घराचे कागद

जुन्या इमारतीत तपासणी वाढते. भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, सोसायटीचा भाग दाखला आणि थकबाकी नसल्याचे पत्र हवेच. जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही विचारावे. पुनर्विकासाच्या वेळी गाडे बहुधा इथेच अडते. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही.

पेठांमध्ये ‘स्वस्त’ म्हणून दाखवलेली खोली पागडीची असू शकते. तिथे भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी नाही. कॅम्प भागात जमीन कॅन्टोन्मेंटची, भाडेपट्ट्याची असू शकते, म्हणून बँकेचा होकार आधी घ्यावा.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे ‘नोटरीवर फ्लॅट’. केवळ मुखत्यारपत्र किंवा नोटरी केलेल्या कागदावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. शेताचे सगळे रोख पैसे अडकतात ते बहुधा इथेच.

सरकारी मदत मिळेल का?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर कमाल १ लाख ८० हजारांची व्याज सवलत आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवे. महत्त्वाची अट अशी की कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. गावचे घर वडिलांच्या नावे असेल तर विवाहित मुलाला ते आड येत नाही, त्याच्या स्वतःच्या नावे असेल तर येते. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत हाही एक पर्याय आहे. दलालाला पैसे देऊन त्यात घर लागत नाही.

शेताचा प्रश्न

वडिलोपार्जित जमीन विकताना बहिणींचा हिस्सा विसरला जातो. २००५ च्या दुरुस्तीनुसार हिंदू कुटुंबात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासून असल्याचे सांगितले. भावाच्या फ्लॅटसाठी बहिणीकडून हक्कसोड घेण्याची रीत जुनी आहे. पण तिचा वाटा घ्यायचा असेल तर त्याची किंमत तिला मिळायला हवी. नाहीतर पुण्यातल्या त्या ४०० फुटांत काही फूट तिचेही आहेत.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा साधारणपणे शेतकरी असावा लागतो. नावावरचा शेवटचा तुकडा विकला की पुढे जमीन घेताना हाच पुरावा अडतो. पीएम किसानसारखे लाभही सातबाऱ्यावर अवलंबून आहेत.

म्हणून पगारातून हप्ता निघत असेल, हातात सहा महिन्यांचा हप्ता शिल्लक राहत असेल आणि शेतीचा एक तरी तुकडा नावावर उरत असेल, तरच व्यवहार करावा. यातले एक जरी जमत नसेल तर घर आणखी लहान घ्यावे किंवा दोन वर्षे भाड्याने राहावे. भाड्याचे घर सोडता येते. विकलेले शेत त्याच भावात परत मिळत नाही.