पटावरचा मान

वडीलधाऱ्यांचा मान राखावा, हा संस्कार घरोघरी केला जातो. परंतु वडीलधारी व्यक्ती प्रतिस्पर्धी म्हणून समोर बसली, तर तो मान कसा राखावा?

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत ३८ वर्षांच्या कोनेरू हंपी आणि नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख यांची गाठ पडली. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. मुख्य दोन्ही डाव बरोबरीत सुटले. नंतरच्या जलद डावांपैकी दुसरा डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. या विजेतेपदाने तीही ग्रँडमास्टर झाली.

दिव्याने संकोचाने हात आखडता घेतला असता, तर तो आदर ठरला नसता. हंपींच्या कर्तृत्वाचा तो अवमानच झाला असता. प्रतिस्पर्ध्याला तुल्यबळ मानून पूर्ण सामर्थ्यानिशी खेळणे, हाच पटावरचा खरा मान होय.

ज्येष्ठांचेही कर्तव्य तितकेच मोठे असते. विश्वनाथन आनंद यांनी ज्या तरुणांना मार्गदर्शन केले, त्यांपैकी गुकेशने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनाच क्रमवारीत मागे टाकले आणि डिसेंबर २०२४ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले. आपल्याहून पुढे जाईल अशा खेळाडूला घडवण्यासाठी मन मोठे असावे लागते.

वयाने लहान असलेल्याकडून हरण्यात कमीपणा नाही, तसा त्याच्याकडून शिकण्यातही नाही. गुणांपुढे वयाने वाट मोकळी करावी आणि यशाने नम्र राहावे, यातच खिलाडूवृत्तीचे सार आहे.