संसाराचा पुरावा कोणाकडे असतो?

गेल्या महिन्यात विदर्भातल्या एका खेड्यातून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत लग्नाचे अकरा फोटो, एक लग्नपत्रिका, बौद्धाचार्यांनी सही-शिक्का करून दिलेले विवाहाचे प्रमाणपत्र आणि मुलीची दहावीची सनद. जावई इंग्लंडमध्ये. तेथे बरीच वर्षे नोकरी करून त्याने कायम वास्तव्याचा परवाना मिळवला आहे. बायकोला नेण्यासाठी व्हिसाचा अर्ज करायचा, तर 'रिलेशनशिप एव्हिडन्स' गोळा करा, असे त्याने फोनवर सांगितले होते. बापाने आम्हांला विचारले, "भाऊ, लग्न तर अख्ख्या वस्तीसमोर लागलं. आता हे सरकार अजून कोणता पुरावा मागून राहिलं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. वस्तीसमोर लग्न लागले हा आपल्याकडे पुरावा असतो. लंडनच्या साहेबापुढे ती वस्ती येत नाही, कागद जातो. ब्रिटनचा कायदा नुसते लग्न झाले का एवढेच विचारत नाही. नवरा-बायकोचे नाते 'खरे आणि चालू असलेले' आहे का, हे विचारतो. दोघांची प्रत्यक्ष भेट झाली होती का? एकत्र राहिले असतील तर कोठे? नसतील तर बोलणे कसे होते, किती वेळा? पैसे कोण कोणाला पाठवतो? पुढे कोठे राहणार? प्रमाणपत्र विवाह सिद्ध करते, संसार सिद्ध करत नाही. संसार सिद्ध करायला विमानाची तिकिटे, बँकेची खातेपत्रके, फोनच्या नोंदी, दोघांच्या नावाची बिले लागतात. शिवाय मराठीतल्या प्रत्येक कागदाचे इंग्रजी भाषांतर लागते, तेही भाषांतरकाराच्या सहीनिशी.

आता हे पुरावे कोणाच्या घरात आपोआप तयार होतात, ते पाहा. ज्याच्या घराची नोंद स्वतःच्या नावावर आहे, विजेचे बिल स्वतःच्या नावावर आहे, ज्याचे दोघांचे मिळून खाते आहे, जो लग्नानंतर महाबळेश्वरला जातो आणि हॉटेलची पावती जपून ठेवतो, त्याच्या कपाटात पुरावा पडलेलाच असतो. आमच्या या लेकीचे काय? लग्नानंतर तीन आठवडे नवरा रजेवर होता. तेवढे दिवस दोघे सासरच्या दोन खोल्यांत राहिले. घरात माणसे आठ. विजेचे बिल आजेसासऱ्याच्या नावावर, आणि आजेसासरे वारून नऊ वर्षे झाली! नवऱ्याने दिलेले पैसे गावी येणाऱ्या मित्राच्या हातून रोख आले. फोन भावाचा. तो फोन पाण्यात पडला आणि वर्षभराचे बोलणे गेले. नात्यात खोट काही नाही. पण कागदावर पाहाल तर हे जोडपे जवळजवळ अस्तित्वातच नाही.

कोणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न आहे, यात जात कोठून आणता? आम्ही म्हणतो, जरा थांबा, आणि या साहेबांचा इतिहास वाचा.

१९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. वय ३५. ती तेथे लग्न करायला आली होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे लग्नाला आलेल्या वाग्दत्त वधूला आधी व्हिसा लागत नसे, बायकोला लागत असे. ही बाई खरोखर अविवाहित आहे की लपवून आलेली बायको आहे, हे ठरवायचे कसे? साहेबांनी डॉक्टर बोलावला आणि तिचे कौमार्य तपासले! भारतीय स्त्री अविवाहित असेल तर ती कुमारिकाच असणार, हा त्यांचा ठोकताळा. हे शास्त्र त्यांना कोणी शिकवले असेल ते सुज्ञ वाचकांना सांगायला नको. स्त्रीच्या देहात घराण्याची अब्रू शोधणारे शास्त्र आमच्याही देशात जुने आहे. बातमी फुटली, गदारोळ झाला, तपासणी बंद झाली. पुढे २०११ मध्ये जुने सरकारी कागद उजेडात आले, तेव्हा अशा तपासण्या किमान ८० बायकांच्या झाल्याचे दिसले, आणि त्या हीथ्रोपुरत्या नव्हत्या, भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही झाल्या होत्या.

देह तपासणे थांबले, मग हेतू तपासणे वाढले. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये 'मुख्य हेतू'चा नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडमध्ये शिरणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. जे नाही ते नाही असे कसे सिद्ध करणार? या नियमाचा वरवंटा सर्वांत जास्त फिरला तो भारतीय उपखंडातल्या नवऱ्यांवर. ठरवून केलेले लग्न म्हटले की साहेबाच्या कपाळावर आठी. १९९७ च्या जूनमध्ये नव्या मजूर सरकारने तो नियम रद्द केला. मात्र नियम गेला तरी नजर एका दिवसात जात नाही.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. तेथे खोटी लग्ने ओळखण्यासाठी अधिकाऱ्यांना दिलेले प्रशिक्षणाचे टिपण एका वकिलाने माहितीच्या कायद्याखाली मिळवले आणि २०१५ च्या मे महिन्यात ते वृत्तपत्रात आले. संशयाच्या खुणा कोणत्या? फोटोत नवरा-बायको ओठांचे चुंबन घेताना दिसत नाहीत. स्वागत समारंभ लहान, हॉटेलात उरकलेला. हिऱ्याची अंगठी नाही. मधुचंद्राचा प्रवास नाही. नवरा किंवा बायको कमी शिकलेली, कमी पगाराची.

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. आमच्या कोणत्या लग्नात हिऱ्याची अंगठी असते? आमच्या कोणत्या बापाने विहाराच्या पायरीवर उभे राहून जावयाला म्हटले असते, की फोटोसाठी मुलीचे चुंबन घ्या? १८७३ मध्ये महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय, कमी खर्चात लग्न लावून दाखवले. तेव्हापासून आजपर्यंत आमची चळवळ लोकांना एकच सांगत आली, की कर्ज काढून लग्न करू नका, मानपान नको, बँडबाजा नको. पांढरी वस्त्रे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिसरण-पंचशील, परस्परांना वचन, पुष्पहार, अर्ध्या तासात विवाह संपन्न. सामूहिक विवाहात तर एका फोटोत वीस-वीस जोडपी! म्हणजे आम्ही जे अभिमानाने केले, तेच त्या टिपणात खोटेपणाची खूण म्हणून नोंदवलेले. थाटामाटाचे लग्न खरे, साधे लग्न संशयास्पद, हा हिशेब आमच्या गावच्या सावकाराचाही होता.

खोटी लग्ने होतात हे आम्ही नाकारत नाही. परदेशी जावई म्हणून हुरळून जाऊन दिलेल्या आणि दोन महिन्यांत टाकलेल्या मुली आमच्याही समाजात आहेत. तपासणी कडक असेल तर एखादी मुलगी वाचेलही. आमचा आक्षेप तपासणीला नाही, मापाला आहे. एका वर्गाच्या राहणीचे माप घेऊन सगळ्या जगाचे प्रेम मोजायचे, हा अन्याय आहे.

या मापात सर्वांत आधी कोण नापास होते? आंतरजातीय जोडपे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले, की जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मूळ लक्षण आहे. पुढे १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह पुढे ठेवला. तो उपाय जी मुले-मुली जीव धोक्यात घालून अमलात आणतात, त्यांच्याजवळ पुरावा कोठून राहणार? दोन-चार वर्षे लपून भेटलेली ही पोरे. घरचे फोन तपासतील म्हणून रोज रात्री निरोप पुसून टाकणारी. एकत्र फोटो नाही, कारण फोटो म्हणजे मृत्यूचे आमंत्रण. विशेष विवाह कायद्याने लग्न करावे तर तीस दिवस नोटीस फलकावर, म्हणजे भावकीला पत्ता. शेवटी दोन मित्रांच्या साक्षीने लग्न, ना आई ना बाप. मग साहेब विचारतो, लग्नाला घरचे का नव्हते? नात्याची जुनी नोंद का नाही? ज्या भीतीने पुरावा पुसला, ती भीतीच नात्याची सर्वांत मोठी साक्ष आहे, हे त्या रकान्यात कोठे लिहायचे?

आमचे सरकारही काही मागे नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवणारी समिती काढली होती. ओरड झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' तसाच ठेवला.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांनी नीट समजून घ्यावी. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने विवाह होत नाही. व्हिसासाठी घाईने नोंदणी करून समारंभ नंतर करायचा, या प्रथेवर न्यायमूर्तींनी त्यात स्पष्ट नापसंती नोंदवली. हा १९५५ चा कायदा बौद्धांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे, ती मान्य होईल तेव्हा होईल. तोवर आमचा विवाह आमच्या रूढ विधीने झाला, हे दाखवता आले पाहिजे. म्हणून फोटो काढताना जेवणाच्या पंगतीचे दहा आणि वचन घेतानाचा एकही नाही, असे करू नका. बौद्धाचार्यांचे प्रमाणपत्र आम्हांला शिरोधार्य आहे, परंतु १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंदणी वेगळी करावीच लागते. या बापाने ती केलेली नव्हती. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे झाले, असे त्याला वाटत होते. आमच्या कार्यकर्त्यांनी लग्न लावतानाच हे सांगायला हवे होते. ही चूक आमचीच.

इतके सारे जमले, तरी वर पैशाचा उंबरठा आहे. ब्रिटनमध्ये बायकोला आणायचे तर २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड मिळकत दाखवावी लागे. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. ३८,७०० पर्यंत नेण्याचा बेत होता, तो पुढे थांबवला गेला. २०२५ चे तेथील किमान वेतन ताशी १२.२१ पौंड. आठवड्याला साडेसदतीस तास राबणाऱ्याला वर्षाला २३,८०० च्या आसपास मिळतात. म्हणजे सरकारनेच ठरवलेले किमान वेतन घेणारा झाडूवाला, म्हाताऱ्यांची सेवा करणारा मदतनीस सरकारच्याच नियमाने बायको आणायला अपात्र! बायको इकडे नोकरी करून कितीही कमवत असली तरी तिची इकडची कमाई धरत नाहीत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुलांच्या हिताचा विचार नीट झाला नाही असे म्हटले, पण उंबरठा तत्त्वतः उचलून धरला. शुल्क २०२५ मध्ये १,९३८ पौंड केले, वर आरोग्य अधिभार ३,१०५. आपल्या पैशात पाच लाखांच्या वर. एवढ्यात आमच्याकडे दहा साधी लग्ने लागतात.

त्या दिवशी मुलगी अर्धा तास गप्प होती. नवऱ्याचे निरोप छापून जोडावे लागतील, असे आम्ही म्हणताच तिने फोन पदराखाली घेतला. बाप समोर बसलेला. आमच्या लक्षात उशिरा आले. बापाला चहाला पाठवले आणि तिला सांगितले, बाई, सगळे द्यायचे नाही. कोणत्या महिन्यात किती वेळा बोललात एवढे कळेल अशी थोडी पाने, साधी, घरगुती. आईच्या गुडघ्याचे औषध, भाड्याची खोली, इंग्रजीच्या परीक्षेची तारीख. खासगी ते तुमचे. ती पहिल्यांदा हसली. नवऱ्याने खोलीचा रंग कोणता द्यायचा म्हणून सात भिंतींचे फोटो पाठवले होते, ते तिने दाखवले. आमच्या मते त्या पिशवीतल्या सगळ्या कागदांपेक्षा ते सात फोटो भारी होते.

पुरावे तयार करून देणारे एजंट नागपूर-पुण्यात बसलेले आहेत. भाड्याची अंगठी, भाड्याचे हॉटेल, चार वेगवेगळे कपडे घालून एकाच दिवशी काढलेले 'तीन वर्षांचे' फोटो. त्यांच्या नादी लागू नका. एक खोटा कागद सापडला तर खऱ्या संसारावर पाणी पडते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते प्रकरण उकरले जाते. जे नाही ते नाही म्हणून लिहा आणि का नाही ते लिहा. बिल आजोबांच्या नावावर का, पैसे रोख का आले, फोन कोणाचा होता, लग्नाला आई-बाप का नव्हते, हे नवऱ्याने व बायकोने आपापल्या निवेदनात सरळ सांगावे. शेजाऱ्यांची, बौद्धाचार्यांची, शाळेच्या मुख्याध्यापकांची पत्रे जोडावीत. नवऱ्याच्या पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के आणि बोर्डिंग पास सांभाळावेत. यापुढे पैसे बँकेतूनच पाठवावेत, हजार असले तरी. आणि नकार आलाच तर अपिलाचा हक्क असतो, परदेशातून करायचे तर मुदत २८ दिवसांची. नकाराचे पत्र हाती पडले की रडत बसण्यात त्यातले पंधरा जातात, हे आम्ही पाहिले आहे.

बाप परत जाताना म्हणाला, सोमवारी ग्रामपंचायतीत जातो, तीन साक्षीदार घेऊन. एका साक्षीदाराच्या आधारवर नाव वेगळे आणि मतदार यादीत वेगळे आहे, चालेल का? आम्ही म्हटले, चौथाही बरोबर न्या.