१४ फुटी की १८ फुटी?

मेसमध्ये सध्या भाजीच्या खालोखाल चर्चा आहे ती आमच्या ग्रुपच्या प्रोजेक्टची. पुरात माणसं काढायला अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट डिझाइन करायची एवढं ठरलं, पण लांबी १४ फूट की १८, यावरून ग्रुपचे दोन तुकडे झालेत. माझं मत १४ ला.

आधी मोठीची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. बोटीला कलंडण्यापासून अडवतो तो पाण्याच्या पातळीवरच्या तिच्या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया. तो लांबीच्या पटीत वाढतो, पण रुंदीच्या मात्र घनाच्या पटीत. १४ बाय ५ च्या जागी १८ बाय ६ घ्या, जवळजवळ सव्वादोन पट! १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. ते आठवलं की मोठी बोट मागणाऱ्याची टिंगल करवत नाही.

पण आपली बोट चालायची कुठे? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरात पाणी शिरलं. एनडीआरएफ, एसडीआरएफ, लष्कर, सगळे उतरले. अशा वेळी बोट जाते ती गल्लीतून. आडव्या झालेल्या गाड्या, कंपाउंडची गेटं, पाण्याखाली लपलेले डिव्हायडर. तिथे १८ फुटी वळवणार कशी बे?

दुसरं म्हणजे वजन. ३ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा भरतो साधारण ८ किलो, स्टीलचा साडेतेवीस. म्हणून तर अ‍ॅल्युमिनियम! (रबरी बोट याहून हलकी, पण गेटच्या भाल्यावर गेली की संपली.) आमच्या हिशेबाने १४ फुटीचा सांगाडा इंजिन सोडून दीडशे किलोच्या आत बसतो. सहा-आठ पोरं मिळून उचलतील. १८ फुटीला पत्राही ४ मिलिमीटरचा लागेल, म्हणजे वजन दुप्पट. मग ट्रेलर आला, ट्रेलरला कोरडा रस्ता आणि उतार आला. पुरात तो आणायचा कुठून?

“एका फेरीत जास्त माणसं येतात” हा मुद्दा खरा. पण तेवढ्याच पत्र्यात दोन लहान होतात. एकीचं इंजिन बंद पडलं तर दुसरी तिला ओढून आणेल. लहान बोटीत जास्त माणसं कोंबली जातील ही भीती मात्र मलाही आहे. त्यामुळे क्षमतेचा आकडा आतल्या बाजूला ठळक रंगवायचा, आणि तो चालवणाऱ्याने पाळायचा, समोर कोणी कितीही रडो. वैनगंगेच्या पात्रासाठी विचाराल तर मी स्वतः १८ फुटी मागेन.

वाडीला जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. कोणता अ‍ॅलॉय घ्यायचा, वेल्डिंगनंतर जोड किती कमजोर होतो, हे विचारायला तिथे जायचा विचार आहे. त्याआधी रविवारी सकाळी मेजरिंग टेप घेऊन डागा लेआउटच्या गल्ल्या मोजणार आहोत. १८ फुटीवाल्यांनीही यावं, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.