पेशींचे मरण आणि संशोधनाचा जमाखर्च

जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या शरीरातील पेशी मोजण्यात काही विद्वानांनी वर्षानुवर्षे खर्ची घातली, असे सांगितले तर करदात्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहील तो हाच की, असल्या उद्योगावर सार्वजनिक पैसा का खर्चावा? प्रश्न गैर नाही. घाईने दिलेले उत्तर मात्र गैर ठरेल.

त्या कृमीच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ ठराविक क्रमाने मरतात. हे मरण अपघाती नसून नियोजित असते. अशा मरणास १९७२ साली केर, वायली व करी यांनी पानगळ सुचविणारे ‘ॲपॉप्टॉसिस’ हे ग्रीक नाव दिले. कृमीवरील कार्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी पेशीतही असाच कारभार चालतो. बीसीएल-२ हे पेशीस जगविणारे प्रथिन, तर बॅक्स हे त्याच कुळातील मारणारे. पहिल्याने दुसऱ्यास आवरून धरले आहे तोवर पेशी जगते. पेशीस भरून न येणारी इजा झाली की त्याच कुळातील काही छोटी प्रथिने बीसीएल-२ च्या खोबणीत जाऊन बसतात. मग बॅक्सवरील अंकुश सुटतो, ते तंतुकणिकेच्या आवरणास छिद्रे पाडते आणि आतील सायटोक्रोम-सी बाहेर पडते. त्यामुळे कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात व पेशीचे शिस्तीने विघटन करतात.

बीसीएल-२ चे प्रमाण बेसुमार वाढले तर मरावयाच्या पेशी मरत नाहीत. काही रक्तकर्करोगांचे मूळ येथेच आहे. हे प्रथिन पेशींचे मरण रोखते, हे मेलबर्नमधील वॉक्स, कोरी व ॲडम्स यांनी १९८८ साली दाखविले. त्याच खोबणीत बसणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत मान्य झाले ते २०१६ साली.

नामकरणापासून औषधापर्यंत चव्वेचाळीस वर्षे लोटली. इतका धीर कोणता खाजगी भांडवलदार धरील? औषध घडविण्याचा अखेरचा टप्पा कंपन्यांनी पार पाडला, हे खरे. परंतु ज्या ज्ञानावर तो उभा राहिला, त्याची किंमत बाजारात वसूल होण्यासारखी नव्हती. ज्याचा लाभ सर्वांस मिळतो आणि ज्याचे मोल कोणाकडूनच घेता येत नाही, ते बाजार पुरेसे निर्माण करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

गरीब देशाने तात्काळ उपयोगाचेच संशोधन करावे, असा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार होतो. वस्तुतः कोणते संशोधन उपयोगी पडेल, हे आधी कळत नाही, हीच या कथेची शिकवण आहे. २०२०-२१ मध्ये संशोधन व विकासावरील आपला खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या तुटपुंज्या तरतुदीतही ‘याचा उपयोग काय?’ ही कात्री आधी मूलभूत विज्ञानावर चालणार असेल, तर ती काटकसर नव्हे. उद्याच्या रुग्णाच्या नावे आज काढलेले ते कर्जच होय.